ओल्या पायाची झाडं

फार वर्षांपूर्वी सावरदांडच्या खाली नदी अडवली गेली. पाणी चढत चढत डोंगराच्या कमरेला येऊन टेकलं. गाव वर होतं म्हणून वाचलं, पण काठचं रान वाचलं नाही. साग आणि ऐन दोन पावसाळे मुळं पाण्यात घेऊन उभे राहिले. तिसऱ्या वर्षी त्यांना पालवीच फुटली नाही. मुळं कुजली, माती सुटली, आणि काठ ढासळत ढासळत गावाच्या अंगणापर्यंत आला.

गावात ठमाबाई मेंगाळ नावाची ठाकरीण होती. झाडपाल्याचं औषध द्यायची. लोक सामान बांधायला लागले, तेव्हा ती कारभारी हिरूआबांकडे गेली.

"आबा, दोन पावसाळं थांबा. मी काठाला झाडं लावते."

"अगं, हायेत ती झाडं मरत्यात, आन् तू आणखी लावणार?"

"मेली ती कोरड्या पायाची. ओल्या पायाची झाडं येगळी असत्यात."

मग ती धरणाच्या खाली, जुन्या नदीवर गेली. पुरात उभं राहूनही हिरवी राहणारी वाळुंज, नदीपात्रात वाढणारं झाड, तिथे होती. ठमाबाई सात दिवस गळ्याइतक्या पाण्यात तिच्याशेजारी उभी राहिली आणि पाण्यात श्वास कसा घ्यायचा ते तिला विचारून आली, असं म्हणतात.

वैशाखात पाणी ओसरल्यावर तिने वाळुंजीच्या फांद्या काठाला रोवल्या. पहिल्या वर्षी निम्म्या सडल्या. लोक हसले. तिने पुन्हा रोवल्या, मध्ये जांभूळ आणि करंज लावले. तिची फांदी मूळ धरेपर्यंत पाणी चार पावलं मागे थांबायचं, असं म्हणतात.

दुसऱ्या श्रावणात सलग नऊ दिवस पाऊस कोसळला. डोंगराला भेग पडली. सगळं गाव माळावर पळालं, एकटी ठमाबाई काठावर राहिली. तिने वाळुंजीला मिठी मारली, तेव्हा तिच्या पायांनाही मुळं फुटली, असं म्हणतात.

पाऊस उघडल्यावर लोक भीतभीत उतरले. घरं जागेवर होती. भेग झाडांपाशी येऊन थांबली होती. हिरूआबा चिखलातच मटकन बसले आणि लहान पोरासारखे हसायला लागले.

"हसताय काय, आबा? मला भूक लागलीया," ठमाबाई म्हणाली.

पुढे बरीच वर्षं जगली ती.

आजही सावरदांडात वैशाखात प्रत्येक घर तिच्या नावाने वाळुंजीची एक फांदी काठाला रोवतं. आणि पाऊस फार झाला, की बाया दारातून काठाकडे बघतात, "ठमाबाई उभी हाय" म्हणतात, आणि पुन्हा भाकरी थापायला बसतात.