रायाजी लोहाराचे सात खण

एक होता लोहार. नदीकाठच्या एका गावात तो राहत होता आणि त्याचे नाव होते रायाजी. त्याने धार लावलेला विळा वर्षभर बोथट होत नसे. शेतकरी सुगीला त्याला जोंधळा देत आणि त्या जोंधळ्यावर रायाजी आणि त्याची बायको चिमा यांचा संसार चाले. रायाजी ऐरणीपुढे बसे, चिमा भाता ओढी. भाता थांबला की भट्टी मंदावते, आणि भट्टी मंदावली की केवढाही मोठा लोहार नुसता हात चोळत बसतो. तेव्हा गावात नाव रायाजीचे असले तरी निम्मे काम चिमाचे होते. रायाजीला हे माहीत होते, पण त्याने ते कधी बोलून दाखवले नाही.

लग्नानंतर बरीच वर्षे दोघे भट्टीमागच्या पडवीत राहिली. मग रायाजीने गावच्या माणकशेट सावकाराकडून शेजारचे सात खणांचे घर घेतले. दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणतात. तेव्हा घरे खणांवर मोजत. सगळी किंमत एकदम द्यायला रायाजीजवळ काही नव्हते, म्हणून शेटाने घर आपल्याकडेच गहाण ठेवून घेतले. पुढचा एक खण त्याने दोघांना राहायला दिला. बाकीच्या सहा खणांच्या दारांना आपली कुलपे घातली आणि सांगितले, "एकेकाचं व्याजासकट फेडत जा. फिटंल तसं एकेक कुलूप काढीन."

त्या राज्याचा राजा दूरचे पाहणारा होता. म्हातारी माणसे उपाशी मरतात हे त्याला पाहवेना. त्याने दवंडी पिटवली, की कमाईचा सहावा हिस्सा कर म्हणून भरायचाच. पण जो माणूस म्हातारपणासाठी आपले धान्य राजाच्या कोठारात ठेवील, त्याला तेवढ्या धान्यावर कर माफ. मात्र डोक्यावरचा शेवटचा काळा केस पांढरा होईपर्यंत त्या धान्याला हात लावता येणार नाही. काही लबाडांनी डोक्याला चुना फासून कोठार गाठले. कोठाराचा कारभार पाहणारा कोठावळा त्यांना मुकाट्याने नदीवर घेऊन गेला आणि त्याने डोकी धुवायला लावून त्यांना घरी पाठवून दिले.

म्हणजे पाहा, सावकार वाईट नव्हता आणि राजाही वाईट नव्हता. अशा गोष्टीत कुणीतरी वाईट असले की बरे असते, शिव्या द्यायला सोय होते. इथे तशी सोय नाही.

सुगी आली की रायाजी अंगणात जोंधळ्याचे तीन ढीग करी. पहिला माणकशेटाचा. तो पायलीने मोजून, वर बोट फिरवून सपाट केलेला. दुसरा कोठाराचा. तोही तसाच मोजून. तिसरा घरचा. त्या ढिगाला माप नव्हते. उरेल तो घरचा. कधी बरा उरे, कधी सुपात मावे. रायाजी दोन ढिगांकडे पाहून खूश होई आणि चिमा तिसरा ढीग पदरात भरून आत नेई.

"दुसरा ढीग जरा लहान घाला की," एकदा ती म्हणाली.

"लहान घातला तर तेवढ्यावर राजाचा कर पडंल," रायाजी म्हणाला. "घरात आणलं की सहावा हिस्सा जातो. कोठारात ठेवलं की दाणान् दाणा आपला."

"आपला खरा. पण पोटात कवा जायचा त्यो?"

रायाजी हसला. हिशेबात त्याला कुणी हरवू शकत नव्हते, आणि जो हिशेबात पक्का असतो त्याला आपण चुकू शकतो हे पटवणे फार अवघड असते. थेंबे थेंबे तळे साचते हे त्याला पाठ होते. तळे साचेपर्यंत माणसाने प्यायचे काय, हे काही त्या म्हणीत सांगितलेले नाही.

दुसरा खण सुटला. पुढे तिसरा सुटला. कुलूप निघाले त्या दिवशी चिमाने सारवण केले, दारात रांगोळी घातली आणि ती रिकाम्या खणात मधोमध पाय पसरून बसली. "हितनं तिथवर लोळलं तरी भिंत लागत न्हाई," ती म्हणाली आणि तिने खरेच लोळून दाखवले. रायाजी पोट धरून हसला. त्यांच्या संसारातले ते चांगले दिवस होते, आणि ते तसेच राहिले असते तर मला ही गोष्ट सांगावी लागली नसती.

चौथ्या खणाच्या वेळी चिमाला खोकला लागला. भट्टीपुढे बसणाऱ्याला खोकला नवा नसतो. आधी तिने गूळ-सुंठ खाल्ली, मग नुसती सुंठ, मग तीही संपली. भाता ओढताना ती मधेच थांबू लागली. रायाजी लोखंडाकडे पाहत असे. लोखंडावरची नजर काढली तर ते जळते. तो तसाच म्हणे, "ओढ गं," आणि ती ओढी.

शेवटी शेजारणीच वैद्याला घेऊन आल्या. वैद्याने चिमाची नाडी पाहिली, पाठीला कान लावला आणि रायाजीला बाहेर अंगणात नेले.

"हिला भट्टीपुढून उठव," वैद्य म्हणाला. "एक वर्ष धूर नको, भाता नको. दूध-तूप खाऊ दे, मोकळ्या वाऱ्यात बसू दे. वर्षभरात माणूस उभं राहील."

"आन् न्हाई उठवलं तर?"

वैद्याने झोळी उचलली आणि तो निघून गेला.

रायाजीने रात्रभर विचार केला. त्याला बायको नकोशी होती असे कुणी समजू नये. त्याचा तिच्यावर जीव होता. सकाळी उठून तो आधी माणकशेटाकडे गेला आणि त्याने सगळे सांगितले.

"थांब की एक वर्ष," शेट म्हणाला. "खण काय पळून जातो? व्याज तेवढं चढंल, त्याला माझा इलाज न्हाई."

मग तो कोठावळ्याकडे गेला. कोठावळा म्हणाला, "यंदा ठेवू नकोस. कर भर आणि उरलेलं घरी ने. सहा पायल्यांतल्या पाच तुझ्याच हाईत."

"एक पायली फुकट जाईल की."

"फुकट कुठं जाती? राजाला जाती."

"माझ्या हातनं तर गेलीच," रायाजी म्हणाला.

गावाकडे येताना तो वाटभर हिशेब करत होता. शेटाचे चढणारे व्याज इतके. राजाला जाणारा कर इतका. भात्याला माणूस ठेवायचा तर त्याचा जोंधळा इतका. दूध-तूप वेगळे. काय जाणार ते त्याने दाण्यापर्यंत मोजले. काय राहणार ते मोजायचे त्याच्या ध्यानातच आले नाही. घरी पोचेपर्यंत त्याचे ठरले होते.

"येवढं एक साल काढ," तो चिमाला म्हणाला. "चौथा खण सुटू दे. पुढल्या साली भात्याला माणूस ठेवू, म्हशीचं दूध लावू."

चिमा चुलीपुढे बसली होती. तिने लाकूड आत सारले. "पुढल्या सालालाबी एक खण असंलच की," ती म्हणाली.

एवढेच ती बोलली. भांडली नाही, रडली नाही, माहेरी निघून गेली नाही. यातले काहीही तिने केले असते तर कदाचित वाचली असती. दुसऱ्या दिवशी ती भात्यावर जाऊन बसली.

चौथा खण सुटला. पुढल्या साली खरेच पाचव्याची वेळ आली आणि रायाजी म्हणाला, की अर्ध्यात सोडले तर आजवरचे व्याज पाण्यात जाईल. पाचवा सुटला त्या सुगीला चिमाने नव्या खणात सारवण केले नाही. तिला वाकवत नव्हते. रायाजी म्हणाला, "राहू दे, मी करतो," आणि मग कामात विसरून गेला.

एका थंडीत तो शेतकऱ्यांची घाई उरकत होता. भट्टीत फाळ तापत होता. लाल झालेला फाळ हळूहळू काळा पडू लागला.

"ओढ गं," रायाजी म्हणाला. "लोखंड थंड होतंय."

भाता हलला नाही. रायाजीने वळून पाहिले. चिमा भात्यावर डोके टेकून बसली होती आणि तिच्या पदरावर रक्त होते.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. रायाजी तिच्या उशाशी बसून राही. वाटीत दूध घेऊन तो तिच्या ओठाशी नेई आणि ते तसेच ओघळून जाई. एकदा तो म्हणाला, "मी भात्याला माणूस ठेवतो. उद्याच ठेवतो."

"ठेवा," चिमा हळू म्हणाली. "तुमाला एकट्याला व्हायचं न्हाई त्ये."

दोन दिवसांनी ती गेली.

आता जे सांगायचे ते सांगताना मला राग येतो, पण सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. चिमाचे दिवस झाले आणि रायाजीने भात्याला गडी ठेवला. ठेवावाच लागला, नाहीतर भट्टी बंद. गड्याचा जोंधळा कुठून आला? घरातूनच आला. शेटाचा हप्ता चुकला नाही, कोठाराचा ढीग कमी झाला नाही. तिसऱ्या ढिगातून एका माणसाचे खाणे कमी झाले होते, त्यात गडी बसला. वर्षानुवर्षे जे जमत नव्हते ते आठवड्यात जमले. बैल गेला नि झोपा केला, असे गावात बायका म्हणाल्या. त्यांनी ते रायाजीला ऐकू जाईल असेच म्हटले आणि त्याने ते ऐकून घेतले.

पुढे सहावा खण सुटला आणि सातवाही सुटला. माणकशेट स्वतः आला, शेवटचे कुलूप काढून त्याने रायाजीच्या हातावर ठेवले आणि म्हणाला, "तुझ्यासारखा देणेकरी मी बघितला न्हाई. एक हप्ता चुकला न्हाई तुझा."

"न्हाई चुकला," रायाजी म्हणाला.

शेट गेल्यावर तो सातही खणांतून एकदा फिरून आला. कुठेच काही ठेवायचे नव्हते आणि कुणाला बसवायचेही नव्हते. त्याने मागची दारे ओढून घेतली आणि पुढच्या खणातच घोंगडी टाकली. हे घर हवे म्हणून त्याने सगळे केले होते, आणि आता त्याला त्यातला एकच खण पुरत होता.

मग त्याचे डोके पांढरे झाले. शेवटचा काळा केस कधी गेला ते त्याला कळलेही नाही. राजाच्या माणसाने निरोप आणला, तेव्हा तो कोठाराकडे गेला. कोठावळा म्हातारा झाला होता, पण माणूस तोच होता. त्याने रायाजीचे डोके पाहिले, मान हलवली आणि कोठाराचे दार उघडले. आत थप्प्याच थप्प्या होत्या. एवढा जोंधळा रायाजीने आयुष्यात एका ठिकाणी पाहिला नव्हता.

"हे सगळं तुझं," कोठावळा म्हणाला. "एका दाण्यावर कर पडला न्हाई. गाड्या आणल्यास का?"

रायाजी दारातच उभा राहिला.

"कोठावळे," तो म्हणाला, "एका साली मी तुमाला इचारायला आलो हुतो. बायकू आजारी हुती तवा. तुमी म्हणाला हुता, यंदा ठेवू नको. मी ठेवलं. ते साल मला परत पायजे. बाकीचं सगळं तुमी घ्या."

कोठावळ्याला आधी वाटले म्हातारा भ्रमिष्ट झाला. मग त्याने रायाजीच्या तोंडाकडे पाहिले आणि हातातली पायली खाली ठेवली.

"हितं जोंधळा ठेवता येतो, रायाजी. साल ठेवता येत न्हाई."

"मंग त्या सालाचा जोंधळा तरी तुमच्यापाशी राहू द्या. त्यो मला खाववणार न्हाई."

"तसा नियम न्हाई," कोठावळा म्हणाला. "तुझं हाय ते तुला न्यावंच लागंल."

तेव्हा गाड्या आल्या, पोती लादली गेली आणि ती सारी गावात येऊन रायाजीच्या घरात लागली. मागचे सहाही खण आढ्यापर्यंत भरले. लोक अंगणात उभे राहून पाहत होते आणि मुले पोत्यांवर चढत होती. सगळे पांगल्यावर रायाजीने एका पोत्यातला जोंधळा काढला, दळला आणि एक भाकरी थापली. कोणत्या सालचा जोंधळा होता हे कळायला काही मार्ग नव्हता. तो भाकरीपुढे बराच वेळ बसून राहिला आणि मग त्याने ती खाल्ली, कारण त्याला भूक लागली होती.

तात्पर्य: सावकार दाराशी येतो आणि राजा दवंडी पिटतो, म्हणून त्यांचे देणे कुणी विसरत नाही. घरचे माणूस तगादा लावत नाही, म्हणून त्याचे देणे सर्वांत आधी द्यावे.