चेहऱ्यावरचं फडकं

एकदा एक शिष्य आपल्या गुरूंवर फार खूश झाला. गुरूंचं ज्ञान त्यानं पाहिलं होतं, संयम पाहिला होता, पण तेव्हाही तो इतका खूश झाला नव्हता. कारण मात्र चारचौघांत सांगण्याजोगं नव्हतं. आपले गुरू आज एका माणसाचा जीव घेणार, अशी त्याची खात्री पटली होती.

गुरू होते शल्यवैद्य. घाटाच्या पायथ्याशी, नदीच्या वळणावर त्यांचं घर होतं. पंचक्रोशीत कुणाला बैलानं शिंग मारलं, कुणाच्या पायात काही घुसलं, कुणाचं गळू चिघळलं, की माणसं त्याला उचलून याच दारी आणत. म्हाताऱ्याचा हात असा की कापलं कधी आणि शिवलं कधी, हे रोग्यानं नंतर विचारून घ्यावं. ही अतिशयोक्ती झाली, पण त्या गावात ती सगळेच अभिमानानं करत.

त्या घरची एक रीत होती. शस्त्र हातात घेण्यापूर्वी रोग्याच्या तोंडावर ओलं, विरविरीत फडकं टाकायचं. श्वास घेता यावा, पण चेहरा दिसू नये, एवढ्या बेताचं. दिवाण आले तरी फडकं आणि गुराखी आला तरी फडकं. गुरूंचा एकुलता एक मुलगा अच्युत लहानपणी झाडावरून पडला आणि त्याच्या दंडात फांदी घुसली, तेव्हा त्याच्याही तोंडावर गुरूंनी स्वतःच्या हातानं फडकं घातलं होतं. "चेहरा दिसला की हात नात्याला भितो," असं ते शिकवत. "आपण जखमेकडे बघावं. जखम कुणाचीच कुणी नसते."

हा अच्युत पुढे बापासारखाच वैद्य झाला. शिष्याच्याच वयाचा. दोघं एका ताटात जेवले, एका घोंगडीसाठी भांडले, एकाच ओसरीवर बसून औषधं कुटायला शिकले. मागच्या हिवाळ्यात घाटापलीकडच्या वाडीत एक बाई अडली म्हणून निरोप आला आणि अच्युत पिशवी घेऊन निघाला. वाटेत लुटारूंनी त्याला गाठलं. पिशवीत मुळ्या आणि चूर्णाच्या पुड्याच निघाल्या, म्हणून चिडून त्यांच्या म्होरक्यानं त्याला तिथंच भोसकलं. सोबतचा वाटाड्या जीव घेऊन पळाला आणि त्यानं गावात येऊन सगळं सांगितलं. म्होरक्याच्या कपाळावर भुवईपासून केसांपर्यंत व्रण आहे, हेही सांगितलं.

गुरूंनी मुलाला अग्नी दिला आणि सुतक सरताच पुन्हा रोगी तपासायला बसले. त्यांच्या डोळ्यांत शिष्याला एकदाही पाणी दिसलं नाही. हा माणूस आहे की दगड, असं त्याला वाटलं, आणि गुरूंविषयी असं वाटल्याची लाजही वाटली.

असे काही महिने गेले. एका दुपारी अंगणात बैलगाडी शिरली. त्या दिवशी घाटातून निघालेला व्यापाऱ्यांचा तांडा सावध होता. त्यांनी लुटारूंवर उलट चाल केली, टोळी पांगली, आणि मांडीत भाल्याचं तुटकं पातं घेऊन म्होरक्या रस्त्यावर पडला. पायथ्याच्या गावकऱ्यांनी त्याला गाडीत घातलं आणि थेट वैद्यांकडे आणलं. जखमी माणूस दुसरीकडेही नेता येतो, हे त्यांच्या आणि त्यांच्या बैलांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. गाडी अंगणात थांबली तेव्हा कुठे सगळ्यांच्या ध्यानात आलं, की आपण कुणाला कुणाच्या दारी आणून उभं केलं आहे.

पाटील पुढे झाले. त्यांना मान वर करवेना.

"वैद्यबुवा, चूक झाली. पोरांनी सवयीनं गाडी हिकडंच वळवली. ह्यो त्योच हाय, कपाळ बघा. तुमी म्हनाल तर आल्या पावली मागं नेतो. वाटंतच संपंल. तुमास्नी कुनी बोल लावनार न्हाई."

गुरूंनी कपाळ पाहिलं. मग मांडीला करकचून बांधलेलं, रक्तानं भिजलेलं धोतर पाहिलं.

"आत घ्या," ते म्हणाले. "आणि कोतवालाला निरोप धाडा. हा चालू लागला की त्यांनी येऊन घेऊन जावं. त्याचा न्याय ते करतील."

शिष्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पाणी उकळत होतं, शस्त्रं मांडायची होती, आणि हाताला वळण असं लागलेलं की राग डोक्यात राहिला आणि काम हातानं केलं. म्होरक्याला फळीवर निजवलं. वेदनेनं हात झाडू नयेत म्हणून ते कापडानं फळीला बांधले. नेहमीप्रमाणे शिष्यानं फडकं भिजवलं, पिळलं आणि त्याच्या तोंडावर पसरलं.

गुरू आले, त्यांनी ते फडकं उचललं आणि बाजूला भिरकावलं.

"आज नाही."

इतक्या वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. शिष्य बघत राहिला. फळीवरच्या माणसानंही बघितलं, आणि त्याला आधी कळलं. आपण ज्याला भोसकलं त्याचा हा बाप, हे त्यानं अंगणातल्या बोलण्यावरून ताडलं होतं.

"वैद्यबुवा," तो कसाबसा म्हणाला, "तोंडावर फडकं ऱ्हाऊ द्या. म्या काय मागत न्हाई दुसरं. मला बघाया लावू नगा. झटक्यात काय ते उरका."

"नाही. तोंड उघडंच राहील."

तेव्हा शिष्याला उमगलं, किंवा उमगलं असं वाटलं. गुरूंना याचं मरण डोळ्यांनी बघायचं आहे, आणि यालाही मारणारा दिसायला हवा आहे! हा दगड नाही. हा बाप आहे! शिष्याला गुरूंचे पाय धरावेसे वाटले. तो खूश झाला तो या क्षणी.

पडद्यावरची एखादी रहस्यमालिका असती, तर भाग नेमका इथं संपला असता. वैद्याच्या हातातलं शस्त्र चमकलं असतं, ढोल वाजले असते, आणि वैद्य मारणार की तारणार यावर आपण घरोघरी आठवडाभर वाद घातले असते. पण मांडीतली शीर तुटायच्या बेतात असली की वैद्याला आठवडा मिळत नाही.

"नाव काय तुझं?" गुरूंनी विचारलं.

"समद्या मुलखाला ठावं हाय."

"ते मुलखानं ठेवलेलं. आईनं काय ठेवलं होतं?"

त्यानं कोरडे ओठ चाटले. मग म्हणाला, "सोनबा."

"सोनबा, फार दुखेल. ओरडावंसं वाटलं तर ओरड. हलू मात्र नकोस." आणि मग शिष्याकडे वळून, "बाळ, जांघेत इथं दोन्ही अंगठे रोव. मी पातं काढून शीर बांधेपर्यंत सोडायचं नाही. सुटलं तर हा गेला."

शिष्यानं अंगठे रोवले. खाली शीर उडत होती. गुरूंनी मांस बाजूला केलं आणि ते पात्याचा शोध घेऊ लागले. सोनबा ओरडला. गुरूंचा हात थांबला नाही, घाईलाही आला नाही. पात्याच्या कडेला शीर चिकटून होती आणि गुरू ती केसाकेसानं सोडवत होते. मारायचं असतं तर एक हिसका पुरे होता. शिष्याला हळूहळू सत्य दिसू लागलं. गुरू याला वाचवत होते, अगदी मनापासून, अच्युतला वाचवलं असतं तसं.

आणि मग त्याला आपले अंगठे दिसले.

गुरूंची मान खाली होती. दोन अंगठे तेवढे सैल करायचे. घामानं सुटले म्हणायचं. कोण विचारणार होतं, आणि विचारलं तरी कोण दोष देणार होतं? त्याला घाटातला अच्युत दिसला, विस्कटलेल्या पुड्या दिसल्या. अंगठ्याखालचा जोर कमी झाला. रक्ताची एक उसळी आली.

त्याच वेळी त्यानं त्या माणसाच्या तोंडाकडे पाहिलं. मरताना कसा दिसतो ते बघायचं म्हणून पाहिलं. कपाळावरच्या त्या व्रणावर एक माशी बसली होती. हात बांधलेले, त्यामुळे सोनबाला ती हाकलता येत नव्हती. तो कपाळाला आठ्या घालत होता, डोळे मिचकावत होता, आणि एवढ्या मरणाच्या वेदनेत त्या माशीनं बेजार झाला होता. माशी उडाली आणि पुन्हा तिथंच येऊन बसली.

शिष्य वाकला आणि त्यानं फुंकर मारली.

माशी गेली. सोनबानं त्याच्याकडे पाहिलं. शिष्याचे अंगठे पुन्हा घट्ट रुतले होते. कधी, ते त्याला कळलं नाही. गुरूंनी पातं बाहेर काढलं, शीर बांधली, जखमेत मध आणि तूप भरलं आणि पट्टी आवळली. "सोड आता," ते म्हणाले. शिष्याला अंगठे उचलायला वेळ लागला.

परसात दोघं हात धूत होते. रक्त गेलं तरी शिष्य धूतच राहिला.

"गुरुजी, मी अंगठे सैल केले होते."

"ठाऊक आहे. रक्त उसळलं, ते मी पाहिलं."

"मग ओरडला का नाहीत? मला बाजूला का नाही केलंत?"

"मी मान वर केली असती तर शीर फाटली असती. आणि तुला बाजूला करून उभं कुणाला करणार होतो? या गावात अच्युत ज्याचा कुणीच नव्हता, असा माणूस दाखव मला." गुरू पायरीवर बसले. "फडकं मी माझ्या एकट्यासाठी काढलं नव्हतं, बाळ."

"पण रीत तर झाकायची आहे. तुम्हीच शिकवलीत."

"ती रीत मायेसाठी आहे. ज्याच्यावर जीव आहे त्याचं तोंड दिसलं की हात थरथरतो, म्हणून झाकायचं. आज माया नव्हती. आज फडकं घातलं असतं तर त्याच्याखाली कोण निजला असता, सांग बरं? गेल्या हिवाळ्यापासून मी मनात रोज एक चेहरा घडवतो आहे. तो अच्युतकडे बघून हसतो. त्याला दया नाही, भीती नाही, आई नाही. फडक्याखाली तोच असता, आणि त्याला मी कापला असता. हाताला पापही वाटलं नसतं. फडकं काढलं, तर खाली ओठ कोरडे पडलेला एक घाबरलेला माणूस निघाला. माझ्या मनातला तो चेहरा त्याला बसेचना. तुलाही तो बसला नाही. नाहीतर तू फुंकर मारली नसतीस. मान खाली असली तरी ती मला ऐकू आली."

शिष्यानं ओले हात पुसले. आतून सोनबाचं कण्हणं ऐकू येत होतं.

"म्हणजे तुम्ही त्याला क्षमा केलीत," तो शेवटी भारावून म्हणाला.

"नाही," गुरू म्हणाले. "क्षमा अजून आलेली नाही. यायची तेव्हा येईल, कदाचित येणारही नाही. तिची वाट बघत बसलो असतो तर तो मेला असता."

त्यांनी पाण्याच्या तांब्याकडे हात नेला. बोटं इतकी थरथरत होती की तांब्या पायरीवर खडखडला आणि आडवा झाला. ज्या हातानं आता एवढ्यात ती शीर केसाकेसानं सोडवली होती, तोच हा हात. गुरूंनी दोन्ही हात मांडीवर घेतले आणि ते त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या दाढीवरून पाणी ओघळलं, आणि ते तांब्यातलं नव्हतं.

"बाळ," ते म्हणाले, "मला थोडं पाणी पाज. आज माझ्याच्यानं उचलवणार नाही."

शिष्यानं तांब्या पुन्हा भरला, गुरूंच्या पाठीशी एक हात लावला आणि पाणी त्यांच्या ओठांशी धरलं. या माणसाच्या आत किती दिवस काय चाललं होतं, याचा त्याला आज पहिल्यांदा अंदाज आला, आणि त्याला त्यांची भीती वाटावी इतका आदर वाटला. पाणी पिऊन झाल्यावर तो उठला आणि सोनबाला पाणी पाजायला आत गेला.