गोठ्यातली लस

"टोचलेली पोरं उशिरा बसतात, उशिरा चालतात. माझ्या नातवाला सुई लागणार नाही," सरपंच दाजीराव काळोख्यांनी दारात आलेल्या नर्सबाईंना ऐकवलं. त्यांच्यापुढे बोलायची गावात कुणाची टाप नव्हती.

त्यांची सून केतकी वाद घालत बसली नाही. तिने तान्ह्याला उचललं आणि शर्यतीच्या बैलाच्या, पाखऱ्याच्या, गोठ्यात गोधडी अंथरून निजवलं.

"हे काय चालवलंयस?" दाजीराव गरजले.

"मामंजी, पाखऱ्याला तुम्ही दरवर्षी लस टोचून घेता, तरी तो सगळ्यांच्या पुढे पळतो. घरात पोराला लस मिळणार नसेल, तर मी त्याला इथंच वाढवते."

दाजीरावांनी नर्सबाईंना हाक मारली आणि पाखऱ्याला धरतात तसंच नातवाला स्वतः धरून बसले.