आळशी ठकीचा फाळ

चिंचझरीत मोटेनं पाणी काढायचे, तेव्हाची ही गोष्ट. ऐकायची तर सगळी ऐका, मधे शहाणपणा नको.

त्या गावात ठकूबाई नावाची बाई होती. हाडाची काटक, तोंडाची फटकळ. तिची संत्र्याची बाग होती, अन् त्या बागेत ती नांगर येऊ देत नसे. झाडाभोवतीचं आळं खुरपीनं वरवर खरवडायची, निघालेलं गवत तिथंच पसरायची. बाकीचं गाव पार बुंध्यापर्यंत खोल नांगरायचं. ढेकूळ जेवढं मोठं तेवढा माणूस कष्टाळू, अशी तिथली अक्कल! म्हणून गावानं तिला नाव ठेवलं, आळशी ठकी.

ती उलटून म्हणायची, "हो, हाओच मी आळशी! आळं राखते ते आळशी. तुमी आळं फाडता, तुमाले काय म्हनू?"

तिनं एकदा पाहिलं होतं. नवऱ्यानं बाग नांगरली तेव्हा नांगराच्या तासात पांढरी मुळी तुटून पडली होती, शेवयांसारखी. झाड जेवतं ते त्याच मुळीनं. त्या साली संत्री लिंबाएवढी राहिली अन् गळून गेली. तेव्हापासून तिनं नांगर बंद केला.

पण गावचा नियम होता. अखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, जो नांगरणार नाही, त्याची जमीन पड धरायची अन् काढून घ्यायची. अखाजी आली. नथ्थुजी पाटील चार बैलजोड्या घेऊन बागेत शिरला.

"ठके, सरक! आज नांगर तरी फिरन, नाही तं बाग तरी जाईन."

ठकूबाई पहिल्या झाडाच्या आळ्यात आडवी झाली. "फिरव. आधी माह्यावरून फिरव."

पाटलानं नांगर दुसऱ्या झाडाला नेला. फाळ जमिनीत गेला अन् तिथंच रुतला. एक जोडी लावली, दुसरी लावली, चारही लावल्या. जू मोडलं, दोर तुटले, फाळ काही हलेना. पांढरी मुळी खालून वर आली अन् फाळाला वेढे घालत गेली, असं म्हणतात. शेवटी पाटील स्वतः ओढायला लागला.

ठकूबाई पडल्यापडल्याच म्हणाली, "वढ ना पाटला! कष्टाळू ना तू?"

फाळ तिथंच राहिला, अन् त्यानंतर ती बाग काढून घ्यायची कुणाची छाती झाली नाही. पुढच्या साली पाऊस रुसला. नांगरलेल्या बागा उभ्या वाळल्या. ठकूबाईच्या आळ्यात गवताखाली माती ओली होती, अन् एकेक संत्रं दोन्ही हातांत मावेना, असं म्हणतात. पाटील खुरपी घेऊन आला. खाली मान घालून म्हणाला, "शिकव बाई."

"आधी मोठ्यानं म्हन, मी आळशी."

साऱ्या गावादेखत त्याला म्हणावं लागलं.

म्हातारपणी एका दुपारी ती आळ्यात निजली. उठवायला गेले तर नुसतं गवत. मुळीनं तिला पोटात घेतलं, असं म्हणतात.

अजूनही चिंचझरीत बागेचा बांध आला की नांगर उचलून खांद्यावर घेतात. अखाजीला घरातला कर्ता आळ्यात बोटाच्या पेराएवढीच माती हलवतो अन् ओरडतो, "मी आळशी!" बाहेरगावचा कुणी हसलाच, तर कुणी वाद घालत नाही. त्याला दुसऱ्या झाडापाशी नेतात, रुतलेला फाळ दाखवतात अन् म्हणतात, "काढ."