चिमाची दुपार

नमू, कानातला कापूस काढू नकोस. राहू दे तसाच. मी हळू सांगते, तरी तुला ऐकू येईल. शंतू, तू भिंतीवर पाय आपटणं थांबव. हं, आता कसं.

एकदा काय झालं, एका डोंगराच्या पायथ्याशी तांबटांचं गाव होतं. तांबट म्हणजे तांब्याची भांडी घडवणारे. घरोघरी ऐरण, घरोघरी हातोडा. उजाडलं की पहिला ठोका पडायचा आणि दिवेलागणीपर्यंत चालायचं, ठण ठण ठण ठण. हंडे, घागरी, बंब, पराती. त्या गावात कावळेसुद्धा ओरडायचे नाहीत, बरं का. म्हणायचे, फुकट घसा कशाला फोडायचा?

आणि त्या गावाची एक रीत होती. दिवसाउजेडी हातोडे थांबायचे ते फक्त कुणी मेलं तर. कुणी गेलं की सगळी आळी ऐरणीवर फडकं टाकून दिवसभर गप्प बसायची. एरवी नाही. एरवी कुणाचा हातोडा जरा वेळ थांबला, तर शेजारी धावत यायचे आणि विचारायचे, "काय रे, कोण गेलं?"

त्या गावात सोनबा तांबट होता. त्याला एक मुलगी झाली. चिमा नाव. नाव ठेवताना आत्या बाळाच्या कानात कुर्र करते ना? तिथे तसं करून कुणाला ऐकू जाणार! तिथे आत्या बाळाच्या कानाशी तांब्याची वाटी वाजवायची. तीनदा. जे बाळ हसेल ते खरं तांबटाचं. ठमीआत्याने वाटी वाजवली. चिमा हसली नाही. ती अशी रडली, अशी रडली की तीन दिवस दूध प्यायली नाही.

मग ती मोठी झाली. बोलायला लागली. आणि बोलायला लागली तेव्हा पहिलं काय म्हणाली असेल? "बाबा, दुखतंय."

हातोडा पडला की तिच्या कानात सुई गेल्यासारखं व्हायचं. परात पडली की कानातून दाढेपर्यंत कळ जायची. रात्री हातोडे निजायचे, पण तिच्या कानात ते चालूच असायचे. ती उशीत डोकं खुपसायची. सोनबा बघायचा. कानातून पू नाही, रक्त नाही, सूज नाही. मग दुखतंय कसं? लोकांचं हे असंच असतं बघा. रक्त दिसलं की धावतात, दुखणं दिसलं नाही की हसतात.

ठमीआत्या म्हणाली, "मी करते बरी." तिने लसूण कढवून कानात तेल घातलं. तेल गरम होतं, कान पोळला. ठणक तशीच.

मग शेजारणी म्हणाल्या, "दृष्ट लागलीय." मीठमोहऱ्या ओवाळल्या. विस्तवात मोहऱ्या तडतडल्या. चिमा दारामागे पळाली.

मग सोनबाने स्वतः मनावर घेतलं. वाईट बाप नव्हता तो. लेकीवर जीव होता त्याचा. पण तांबटाला काय येतं? तांबं. त्याने पातळ पत्रा घेतला आणि पंधरा दिवस खपून दोन वाट्या घडवल्या, कानांवर बसतील अशा. वर ठोक्याठोक्याने कमळं उठवली. आत आरशासारखी झिलई दिली. आवाज थोपवायला तांब्याची झाकणं! सांगा आता. चिमाने ती घातली. गावातला प्रत्येक ठोका त्या वाट्यांत शिरला आणि आत घुमत राहिला. तिचे डोळे भरून आले. पण बाबाच्या बोटांना फोड आलेले तिने पाहिले. ती म्हणाली, "छान आहेत, बाबा." आणि वर्षभर तिने ती झाकणं घातली. "दुखतंय" म्हणायची, पण हळू. त्या वाट्यांच्या आतल्या आत.

मग काय झालं, आळीतले म्हातारे धोंडभट वारले. सगळे हातोडे थांबले. फडकी पडली. चिमाने वाट्या काढून ठेवल्या. दुपारपर्यंत तिचे कान निवले. ती दोन भाकऱ्या जेवली. अंगणात गिरकी घेतली. आणि खदखदून हसली. आणि मग, पोरच ती, सात वर्षांची, तिने सगळ्यांसमोर विचारलं, "बाबा, आता परत कोण मरणार?"

सगळी आळी बघत राहिली. एक म्हणाला, "सोनबा, पोरगी आहे का कैदाशीण?" दुसरा म्हणाला, "उद्या तुझ्या मरणाची वाट बघेल हो!"

सोनबाला लाज वाटली. त्याने हात उचलला. आणि मारली कुठे? कानाखाली.

चिमा रडली नाही. उठली आणि चालू लागली. ठोके ऐकू येणार नाहीत तिथपर्यंत चालायचं, एवढंच तिला माहीत होतं. डोंगराच्या पलीकडे उतारावर एक सावरीचं झाड होतं. अंगभर काटे, आणि बोंडात पांढरा मऊ कापूस. तिथे आवाज संपला. झाडाने विचारलं, "काय होतंय?" ती म्हणाली, "दुखतंय." झाड म्हणालं, "बरं." एवढंच, बरं का. खोटं बोलतेस का, कुठे दाखव, किती दुखतंय, काही विचारलं नाही. खोड उघडलं, तिला आत घेतलं. बाहेर काटे, आत कापूस.

चिमाची आई रोज भाकरी घेऊन जायची. पायातली जोडवी वाजू नयेत म्हणून त्यांना चिंध्या बांधायची. आईला कुणी सांगावं लागलं नाही.

सोनबा मात्र म्हणाला, "येईल भूक लागली की." आली नाही. मग तो तिला न्यायला गेला. एकटा नाही, हलगीवाले घेऊन, हाका मारत. झाडाने खोड मिटून घेतलं. एक वर्ष गेलं. मग तो नवे पैंजण घेऊन गेला. छुम छुम. झाडाने खोड मिटून घेतलं. दोन वर्षं गेली. मग तो हात हलवत गेला आणि झाडाखाली नुसता बसला. म्हणाला, "माझी लेक द्या. तिला झालंय तरी काय, ते मला कळत नाही."

झाड म्हणालं, "मग कळून घे." आणि त्याच्या कानांवरून एक फांदी फिरवली. चिमाचे कान त्याला, त्याचे कान चिमाला. फक्त एका दिवसासाठी.

सोनबा घरी निघाला. डोंगर चढून माथ्यावर आला तोच गावाचा आवाज त्याच्या अंगावर आला. तो मटकन खाली बसला. कसाबसा घरी पोचला. दाराची कडी वाजली, त्याने दात आवळले. शेजाऱ्याच्या हातून घागर पडली, त्याच्या दाढेपर्यंत कळ गेली. तरी हट्टाने त्याने आपला हातोडा उचलला. एकच ठोका मारला. आणि कान धरून ऐरणीशेजारी आडवा झाला. "रोज?" तो म्हणाला. "रोज असं?"

तिथेच कोनाड्यात ती झाकणं होती. कमळांची. त्याने उचलली आणि कानांवर ठेवली. तांबं आवाज धरून ठेवतं. एरवी कुणालाच ऐकू आलं नसतं, पण चिमाच्या कानांना आलं. आत तिचा आवाज होता, वर्षभराचा. दुखतंय बाबा. दुखतंय बाबा. आणि मध्येच एकदा, छान आहेत, बाबा.

तिकडे चिमा झाडात बसली होती बापाचे कान लावून. पानं हलली, तिला ऐकू आलं नाही. आई हळूच हाक मारत आली, तीही ऐकू आली नाही. ठोके मारमारून निम्मे बहिरे झालेले कान ते! चिमाला वाटलं, अरे, बाबांना माझं ऐकूच येत नव्हतं. खरंय. पण मी म्हणते, ऐकू येत नव्हतं, तरी दिसत तर होतं ना? पोरगी उशीत डोकं खुपसते, दारामागे पळते, हे बघायला कान कशाला लागतात?

दुसऱ्या दिवशी कान आपापल्या जागी गेले. सोनबा कामाला बसला. दुपारचं जेवण झालं आणि त्याने हातोडा खाली ठेवला, ऐरणीवर फडकं टाकलं.

शेजारी धावत आले. "सोनबा, कोण गेलं रे?"

"कुणी नाही," सोनबा म्हणाला. "माझी चिमा जिवंत आहे. तिच्यासाठी थांबलोय."

"जित्या माणसासाठी?"

"मेल्यांसाठी थांबतो आपण. त्यांना काय ऐकू येतं?"

कुणी हसलं, कुणी शिव्या दिल्या. एकाने तर मुद्दाम जोरात ठोकलं. पण ठमीआत्या उठली. नामकरणाची ती वाटी तिने फडक्यात गुंडाळली आणि नवऱ्याच्या हातातला हातोडा काढून घेतला. मग शेजारचा थांबला. मग समोरचा. सगळ्यांनी ऐकायला महिना गेला, पण एका दुपारी सगळं गाव गप्प झालं. पहिल्यांदाच गाव गप्प होतं आणि कुणाच्या घरात रडणं नव्हतं.

मग चिमा डोंगर उतरून आली. दहा वर्षांची झाली होती. सोनबाला वाटलं होतं, सात वर्षांची येईल. सावरीचा कापूस पिंजून त्याने दोन बोळे केले होते, ते तिच्यापुढे धरले. तिने ते कानात घातले आणि त्याच्या शेजारी बसली.

तिचे कान बरे झाले नाहीत, हो. तसे ते होत नाहीत. पण त्या दिवसापासून दुपारी हातोडे थांबायचे ते दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत. तेवढा वेळ चिमा घरी असायची, सकाळी सावरीकडे जायची. सगळे सुखाने राहिले. सोनबाही राहिला. फक्त कधी कधी तो कोनाड्याकडे बघत बसायचा. तीन वर्षं काही कुणी घडवून देत नाही ना, तांब्याची असोत नाहीतर सोन्याची.

झाली गोष्ट. शंतू झोपला वाटतं.

नमू, परवा मांडवात ढोल वाजत होते, तू कान धरून खाली बसलीस. मी चारचौघांत म्हणाले, नाटकं पुरे. ही गोष्ट मला तेव्हाच आठवायला हवी होती, बाळा.

झोप आता. दार लोटून घेते. कडी नाही लावत.