उंबरावरची हाक

त्या रानात कोणी ओरडत नसे. फांदीवरून पडलेले पिल्लूसुद्धा आवाज न करता रडत असे. बाहेरून येणारे पक्षी म्हणत, काय शांतता आहे इथे! आणि ते म्हणत ते खरेच होते. फक्त ते तिथे मुक्कामाला राहत नसत.

पूर्वी रानात एक रीत होती. उंबरावरच्या वानरांनी पाहायचे आणि खाली चरणाऱ्या हरणांनी ऐकायचे. वाघ दिसला की वानर हाक देई, हरणे उधळत, वाघ चडफडत परत जाई. वाऱ्यावरचा वास हरणांना आधी कळे, तेव्हा ती वानरांना सावध करीत. वाघ काही साधू नव्हते. रोज कुणाचा ना कुणाचा जीव जाई. पण भीती हाकेबरोबर येई आणि घटकाभराने निघून जाई, मग सगळे पुन्हा चरू लागत.

मग दोन वाघांचे पाणवठ्यावरून बिनसले आणि त्यातल्या एकाने खाडीपलीकडचा लांडगा मदतीला बोलावला. दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ. लांडगा शूर होता, हे नाकारून चालणार नाही. आपल्या टोळीच्या पुढे राहून तो लढला, पहिल्या वाघाला त्याने रानाबाहेर काढले आणि पावसाळा संपायच्या आत दुसऱ्यालाही. त्यानंतर तो पाणवठ्याशेजारच्या खडकावर बसला आणि कारभार पाहू लागला.

कारभारही त्याने चोख केला. पाण्यावर पाळ्या लावून दिल्या, त्यामुळे सशालाही धक्काबुक्की न होता पाणी मिळू लागले. खडकाभोवतीचे उंच गवत त्याने तुडवून काढले आणि पाणवठ्यापर्यंत एक सरळ वाट पाडली. संध्याकाळी त्याची टोळी त्या वाटेने येई आणि एक हरीण घेऊन जाई. त्याला शांततेचा वाटा म्हणायचे, असे ठरले.

पहिल्या संध्याकाळी टोळी येताना दिसताच वानरांच्या म्होरक्याने रीतीप्रमाणे हाक दिली. हरणे पळाली, टोळी उपाशी राहिली. लांडगा रागावला नाही. त्याने म्होरक्याला खाली बोलावले आणि हळू आवाजात विचारले, "माझ्या राज्यात तुला धोका कुठे दिसला?"

"दिसलं ते सांगितलं, सरकार. आमची रीत आहे," म्होरक्या म्हणाला.

तो पुन्हा झाडावर चढला नाही. त्याची लहानगी लेक झिपरी वरून सगळे पाहत होती. ती ओरडणार तोच तिच्या आईने तिच्या तोंडावर तळवा दाबून धरला, आणि त्या दिवसापासून वानरांच्या आया पिलांना दूध आणि तळवा बरोबरच देऊ लागल्या. पिल्लू चालायला लागायच्या आत शिके, की कोणी तोंड उघडले तर आपण त्यावर हात ठेवायचा.

आता हरणांचे कान दिवसभर ताठ असत. हाक येत नसे, म्हणून भीतीला सुरुवात नव्हती आणि त्यामुळे तिला शेवटही नव्हता. चरताना त्यांच्या तोंडातला घास तसाच राहून जाई.

वर्षे गेली. लांडग्याच्या डोळ्यांवर पडदा आला. त्याच्या टोळीतले तरुण आता वाटा आणताना त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहत. खाडीपलीकडे आपण आपल्या म्हाताऱ्या नायकाचे काय केले होते, हे तो विसरला नव्हता. रानातली शांतता त्याला खाऊ लागली. पान हलले तरी तो दचके, आणि पान हलले नाही तर अधिकच. शेवटी त्याने झिपरीला उंबराखाली बोलावले. तिच्या पोटाशी पिल्लू बिलगलेले होते.

"मी दुपारी निजतो. कोणी माझ्यावर चालून आलं, तर हाक दे," तो म्हणाला.

झिपरीने पिलाला घट्ट धरले. "ती हाक आता कुणाला येत नाही, सरकार. ज्यांना येत होती ते खाली उतरले."

"तुला येते. बापाची लेक आहेस." लांडग्याने अंधुक डोळे पिलाकडे वळवले. "नाही दिलीस, तर याला खाली उतरवीन."

झिपरी पिल्लू घेऊन वर चढली. त्या दिवसापासून तिने उंबर तोंडात घातले नाही. पानांआड बसून ती बापाची हाक मनातल्या मनात घोकत राही.

एके दुपारी तरुण लांडगे आले. लपायला गवत नव्हतेच, म्हणून ते उघडपणे आले, म्हाताऱ्याने पाडलेल्या त्या सरळ वाटेने, पाऊल न वाजवता. हरणांनी त्यांना पाहिले आणि माना खाली घातल्या. खडकावर म्हातारा निजला होता, एक कान उंबराकडे उभा ठेवून.

झिपरीने त्यांना पाहिले. पोटाशी बिलगलेल्या पिलाकडे पाहिले. छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडले.

पिलाने चटकन वर सरकून आपला इवला तळवा आईच्या तोंडावर ठेवला आणि दुसरा हात त्यावर घट्ट दाबून धरला, शिकवला होता तसा.