घाम न येता चढलेला घाट

“म्हणजे घ्यावी की नाही, एवढंच सांगा.”

भास्करराव सरनोबतांनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

गहिनीबुवा मठाच्या पायरीवर बसून सायकलीकडं बघत होते. नवी कोरी, राखाडी, बॅटरीवर चालणारी सायकल. हँडलवर काडेपेटीएवढा पडदा आणि त्यावर आकडे.

“ह्येला पायडल मारायचं का न्हाई?”

“मारायचं. पण चढावर जोर ती लावते.”

“मग तू काय करतोस?”

“मी... बसतो.”

बुवांनी मान डोलवली.

तांबजाईच्या घाटात, निम्म्याहून जरा वर, एका वळणावर नाथांचा हा लहानसा मठ आहे. गहिनीबुवांनी तीस वर्षं याच घाटात एस.टी. चालवली. निवृत्त झाल्यावर चार दिवस झाडलोट करायला म्हणून इथं आले आणि राहिलेच. आता ऐंशीच्या घरात होते. लोक त्यांना गुरू मानत. ते कुणाला शिष्य मानत नसत.

भास्करराव मात्र स्वतःला त्यांचा शिष्य म्हणवत. तंत्रनिकेतनात पस्तीस वर्षं सर्व्हे शिकवलेला माणूस. रस्ता नुसता बघून चढ किती ते सांगायचे, आणि ते चुकायचं नाही. वय सहासष्ट. गेली चार वर्षं दर गुरुवारी सकाळी नऊला ते आपल्या जुन्या सायकलवर खालच्या गावातून निघायचे. घामाघूम होऊन मठापाशी उतरायचे, बुवांच्या हातचं पाणी प्यायचे, तासभर, कधी दीड तास बसायचे. मग उरलेला घाट चढून पठारावर जायचे.

पठारावर ‘सांजसावली’ होती. स्मरण गेलेल्या माणसांना सांभाळणारं घर. तिथं त्यांची बायको होती, शैलजाबाई.

गावाला हे सगळं माहीत होतं. बायकोसाठी या वयात घाट चढणारा माणूस म्हणून बाजारात लोक त्यांना वाट करून द्यायचे. एका साप्ताहिकानं तर फोटोसकट छापलं होतं. भास्करराव वरवर म्हणायचे, कशाला उगीच. पण चार अंक घरी आणून ठेवले होते.

गेल्या महिन्यात छातीत कळ आली. दोन स्टेंट घालावे लागले. डॉक्टर म्हणाले, घाट बंद. पुण्याहून मुलाचा फोन आला, बाबा, बॅटरीची सायकल घ्या. ओळखीच्या दुकानदारानं एक सायकल वापरून बघायला दिली. उद्या संध्याकाळपर्यंत घेतो की नाही ते सांगायचं होतं.

“मला ही लबाडी वाटते, बुवा,” भास्करराव म्हणाले. “चार वर्षं मी हा घाट माझ्या पायांनी चढलोय. एकदाही उतरून ढकलत नेली नाही. आणि आता बटण दाबून वर जायचं. तिच्यासाठी सोसण्यासारखं एवढंच माझ्या हातात राहिलं होतं. तेही जाणार.”

“तू सोसतोस ते तिला कळतं?”

“तिला काहीच कळत नाही.”

“मग कुणाला कळावं म्हणून सोसतोस?”

भास्कररावांनी सायकलचं स्टँड पायानं नीट केलं.

“यष्टी जाती की वर. नऊची,” बुवा म्हणाले.

“मला घाटात गाडी लागते.”

“तीस वर्षं मीच चालवली ती गाडी. तू कधी वकल्याचं ध्यानात न्हाई माझ्या.”

भास्करराव रस्त्याकडं बघत राहिले. खालून एक टेम्पो कण्हत वर आला, वळण घेऊन गेला.

बुवा उठले. आत जाऊन माठातलं तांब्याभर पाणी घेऊन आले.

“घे.”

भास्कररावांनी सवयीनं तांब्या तोंडाला लावला. दोन घोट घेतले आणि थांबले. पाणी नकोच होतं.

“तहान न्हाई?”

“नाही.”

“पाय?”

“ठीक आहेत.”

“दम?”

“नाही लागला.”

बुवांनी तांब्या परत घेतला. उरलेलं पाणी पायरीशेजारच्या करंजाच्या बुंध्याशी ओतलं. तांब्या पालथा घातला.

“दमला न्हाईस, तहानला न्हाईस. मग बसलास कशाला?”

भास्कररावांची नजर मनगटावरच्या घड्याळाकडं गेली. नऊ चाळीस. इतक्या लवकर ते इथं कधीच आले नव्हते.

“तुमच्याशी बोलायला.”

“मी कुठं बोलतोय.”

भास्करराव उठले. कानशिलं तापली होती. “प्रश्न घेऊन आलो होतो. उत्तर नसेल तर तसं सांगा.”

“वर जाऊन ये. दहाला फाटक उघडतं न्हवं?”

भास्करराव जागच्या जागी थबकले. फाटक दहाला उघडतं हे त्यांनी बुवांना कधी सांगितलं नव्हतं. उलट, बारापर्यंत पोचलं की झालं, असंच म्हणायचे ते.

...

उरलेला घाट पाच किलोमीटरचा. या पाच किलोमीटरांत त्यांच्या थांबायच्या तीन जागा होत्या. एका मोरीच्या कठड्यावर श्वास घ्यायचा. पुढं जांभळीखाली पिंढऱ्या चोळायच्या. शेवटच्या वळणावर दरी बघायची.

आज मोरी आली आणि मागं गेली. जांभळ मागं गेली. थांबायला काही कारणच नव्हतं.

शेवटच्या वळणाआधी भास्कररावांनी बटण दाबून मोटर बंद केली. सायकल एकदम धोंड्यासारखी जड झाली. पंधरा-वीस पायडलं मारली असतील, छातीत ओढ बसली. त्यांनी घाईघाईनं मोटर पुन्हा चालू केली.

हे आपण का केलं, असं त्यांनी स्वतःला विचारलं. उत्तर मिळालं, पण ते त्यांनी तिथंच सोडलं आणि पुढं गेले.

दहा वाजून पाच मिनिटांनी ते ‘सांजसावली’च्या फाटकात उभे होते. सदरा कोरडा होता.

“सर? आज लवकर?” शैलजाबाईंची देखभाल करणाऱ्या इंदूमावशी ओल्या हातांनीच पुढं आल्या. “तुम्ही येता तेव्हा एरवी ताटं घ्यायची वेळ झालेली असते. या, बाई व्हरांड्यातच आहेत.”

शैलजाबाई फाटकाकडं तोंड करून खुर्चीवर बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, अंगावर मोरपंखी साडी, हातात घडी केलेला रुमाल.

“नमस्कार,” त्या म्हणाल्या. “कुणाकडं आलात?”

“तुमच्याकडंच.”

“बसा ना. पण आमचे मिस्टर येतील हं इतक्यात.”

भास्करराव बसले. हे त्यांना नवीन नव्हतं. वाद घालायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांनी पिशवीतला पेरू काढून दिला. मुलाची खुशाली सांगितली. गावात रस्ता रुंद करताहेत ते सांगितलं. अर्ध्या तासाला पुरेल एवढंच बोलणं ते दर वेळी घेऊन यायचे. आज ते साडेदहालाच संपलं.

जेवणाची घंटा एकला होती.

फाटक वाजलं की शैलजाबाई पदर सारखा करायच्या. दूधवाला आला, पदर सारखा केला. कुणाची तरी लेक आली, पदर सारखा केला. त्या अशाच शून्यात बघत असतात, असं भास्कररावांना चार वर्षं वाटत आलं होतं.

“रोज अशी वाट बघता?”

“रोज कशाला? गुरुवारी.”

शेजारी घडवंचीवर चादरी ठेवणाऱ्या इंदूमावशी हळूच म्हणाल्या, “रोज सकाळी मला वार विचारतात, सर. गुरुवार म्हटलं की चांगली साडी मागतात. दहा वाजले की इथं येऊन बसतात. आता मला वाटतं... पहिल्यापासूनच.”

ऊन व्हरांड्याच्या फरशीवर एकेक चौकोन पुढं सरकत होतं. अकरा वाजले. शैलजाबाई त्यांच्याकडं किंचित झुकल्या. परक्या माणसाला विश्वासात घेताना बाई आवाज खाली आणते, तसा त्यांनी आवाज खाली आणला.

“सायकलवरून येतात ते. घाट चढून.”

“हो?”

“हो ना. पण वाटेत बसतात कुठंतरी.”

“का?”

“त्यांना इथं यायला आवडत नाही.”

तक्रार नव्हती त्यात. आज भाजीला मीठ कमी पडलंय, अशा आवाजात त्या बोलल्या. मग रुमालाची घडी उलटी करत म्हणाल्या, “तुम्ही त्यांना सांगू नका हं. वाईट वाटेल त्यांना.”

“शैला,” भास्करराव म्हणाले. “मी आलोय. बघ ना, मीच आहे.”

त्यांनी तिचा हात हातात घेतला. तिनं तो सोडवून घेतला. झटकला नाही, सावकाश, सभ्यपणे सोडवून घेतला, आणि खुर्ची थोडी मागं सरकवली.

“मावशी,” तिनं हाक मारली, “हे गृहस्थ कुणाकडं आलेत, जरा बघता?”

त्यानंतर एक वाजेपर्यंत भास्करराव गुडघ्यांवर हात ठेवून बसून होते. उठावं असं कितीतरी वेळा वाटलं. उठले नाहीत, ते धीर होता म्हणून नव्हे. पायांत उभं राहण्याइतकं बळ नव्हतं, आणि त्याचं खापर आज घाटावर फोडता येत नव्हतं.

घंटा झाली. शैलजाबाई उठल्या. रुमाल कमरेला खोचला. जाता जाता त्यांच्याकडं वळून, जणू दोघंही एकाच माणसाची वाट बघत होते अशा सुरात म्हणाल्या, “आजही नाही आले.”

...

उतारावर मोटर लागत नाही. सायकल आपली आपण खाली येत होती. मठाच्या वळणावर भास्कररावांनी ब्रेक दाबला.

बुवा करंजाखाली सुपात तांदूळ निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली. सरकून सावलीत जागा केली.

भास्करराव बसले. मग त्यांनी सगळं सांगितलं. साडी, रुमाल, खुर्ची मागं सरकवली ते, जाता जाता काय म्हणाली ते. बुवा खडे वेचत राहिले.

“चार वर्षं, बुवा. दहापासून बसायची ती. तुम्हाला ठाऊक होतं?”

“फाटकाची येळ यष्टीवाले सांगतात. बाकी वरचं मला काय ठाऊक असणार. मला हितनं दिसतं तेवढंच.” बुवांनी सूप खाली ठेवलं. “जाताना तू हितं तास-दीड तास बसायचास. येताना कधी थांबला न्हाईस. आज पयल्यांदा थांबलास.”

भास्कररावांनी चष्मा काढून हातात धरला.

खालच्या वळणावर एका गाडीनं भोंगा दिला. डोंगरानं तो परत पाठवला.

“आज तर लवकर गेलो ना मी? तीन तास समोर बसलो. हात धरला. तरी म्हणाली, आजही नाही आले.”

“मग, खोटं बोलली?”

भास्कररावांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“मला नाही झेपत हे,” भास्करराव म्हणाले. “जुनीवर चढलो तर वाटेत मरेन. कधी कधी वाटतं, तेच बरं. ही घेतली तर दर गुरुवारी ते तीन तास. दर गुरुवारी, बुवा. ती फाटकाकडं बघणार आणि मी तिच्याकडं. यातून काहीच निघणार नाही. ती बरी होणार नाही. मला ओळखणार नाही. उद्या दुकानदाराला सांगायचंय. निदान एवढं तरी सांगा... घेऊ की नको?”

बुवांनी सुपातले निवडलेले खडे मुठीत घेतले, रस्त्यापलीकडं फेकले आणि हात झटकले.

“आधी पोच, भास्करा. कशावर बसून पोचलास, ते मग बघू.”